डिजिटल होलोग्राफीत उंची नॅनोमीटरमध्ये मिळते, मग खोली का हुकते?

तरंगिणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मध्यंतरी इथेच एका प्रतिसादात वाचलं की होलोग्राम म्हणजे थ्रीडी फोटो, एकदा काढला की वस्तूची सगळी माहिती त्यात आली. ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. मी सहा वर्षं डिजिटल होलोग्राफिक मायक्रोस्कोपीवर काम करतेय आणि हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानं माझं पहिलं दीड वर्ष खाल्लंय. म्हणून हा धागा.

आधी मुळापासून. कॅमेऱ्याच्या पिक्सेलला फक्त उजेड किती पडला ते कळतं. लाल हेलियम-निऑन लेझरची लाट (६३२.८ नॅनोमीटर) सेकंदाला साधारण ४७४ लाख कोटी वेळा वरखाली होते, कुठलाच सेन्सर तिच्यामागे धावू शकत नाही, त्यामुळे लाट आली तेव्हा ती शिखरावर होती की दरीत हे हरवतं. यालाच फेज म्हणायचं. शाळेच्या पुस्तकात याला ‘कला’ म्हणायचे आणि मला तो शब्द फार आवडतो, चंद्राच्या कला जशा, चक्रात आपण नेमके कुठे आहोत ते सांगणारा. आणि गंमत म्हणजे जिवंत पेशींची सगळी गोष्ट त्या कलेतच असते. लाल रक्तपेशी घ्या, लाल प्रकाशात ती जवळजवळ पारदर्शक. जाडी सुमारे २ मायक्रोमीटर, अपवर्तनांक बाहेरच्या द्रवापेक्षा साधारण ०.०६ ने जास्त, म्हणजे तिच्यातून गेलेली लाट शेजारून गेलेल्या लाटेपेक्षा १२० नॅनोमीटर मागे पडते. तरंगलांबीच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. साध्या मायक्रोस्कोपला हे कळतच नाही, होलोग्राम ते आकड्यात देतो.

कसं देतो? लेझरचे दोन भाग करायचे, एक नमुन्यातून न्यायचा, दुसरा (रेफरन्स) मोकळाच आणायचा, आणि दोघांना थोड्या कोनात कॅमेऱ्यावर भेटवायचं. बारीक काळ्यापांढऱ्या पट्ट्या पडतात, फ्रिंजेस. लाट जिथे मागे पडली तिथे पट्टी सरकते. म्हणजे कॅमेऱ्याला न दिसणारी गोष्ट आपण त्याला दिसणाऱ्या गोष्टीत बदलून दिली. मग कॉम्प्युटरवर फूरियर ट्रान्सफॉर्म (चित्रातल्या पट्ट्या त्यांच्या बारकाईनुसार वेगळ्या करणारं गणित) घ्यायचा, तिथे तीन ठिपके वेगळे दिसतात, मधला बिनकामाचा, बाजूच्या दोनपैकी एक उचलायचा, मध्यावर आणायचा, उलटा ट्रान्सफॉर्म, आणि लाट तिच्या कलेसकट हातात. पहिल्यांदा हे जमलं त्या रात्री मी घरीच गेले नाही.

आता इथेच घोडं पेंड खातं. याच होलोग्राममधून मी आरशावरची पायरी काही नॅनोमीटरपर्यंत मोजू शकते. पण त्याच होलोग्रामला ‘हे दोन कण एकामागे एक आहेत, मधलं अंतर किती’ असं विचारलं तर कमी एनएच्या (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप) लेन्सला ५० मायक्रोमीटरचं अंतरसुद्धा नीट सांगता येत नाही. एनए ०.१ धरा. आडवं रिझोल्यूशन ३ मायक्रोमीटरच्या आसपास, पण खोलीतलं साधारण तरंगलांबी भागिले एनएचा वर्ग, म्हणजे ६३ मायक्रोमीटर. वीसपट वाईट!

कारण उंची आणि खोली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उंची म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एकच पृष्ठभाग आहे असं आधीच धरून तो कुठे आहे हे विचारणं, त्याला फेज उत्तर देते. खोली म्हणजे एकाच रेषेत काय काय आहे हे वेगळं करून मागणं, त्याला लागतात वेगवेगळ्या कोनांतून आलेले किरण. एका होलोग्राममध्ये आख्खी लाट असते, पण एका बाजूनं उजळलेली आणि लेन्समध्ये मावेल तेवढीच. मी दीड वर्ष पेशीचा फेज नकाशा हा तिचा थ्रीडी आकार समजून चालले होते. तो होता जाडी गुणिले अपवर्तनांकातला फरक, दोन्ही एकत्र मिसळलेलं. केंद्रकाजवळचा उंचवटा जाडीचा की दाट द्रव्याचा, हे तो नकाशा एकटा सांगूच शकत नाही.

प्रश्न विचारा, दुरुस्त्या करा.

कुतूहल७

मस्त लिहिलंय ताई, वाचनखूण साठवली. पण मी असं वाचलंय की होलोग्राम एकदा घेतला की नंतर कॉम्प्युटरवर पाहिजे त्या खोलीवर फोकस करता येतो. मग ते थ्रीडी नाही का झालं? आणि स्टेजवर माणूस उभा असल्यासारखा दाखवतात तो होलोग्राम यातलाच ना?

तरंगिणी

स्टेजवरचं आधी, ते सोपंय. ते तिरक्या काचेवर किंवा ताणलेल्या पारदर्शक पडद्यावर पडलेलं प्रतिबिंब असतं, १८६० च्या दशकापासून रंगभूमीवर वापरात असलेली युक्ती, पेपर्स घोस्ट म्हणतात. होलोग्राफीशी संबंध नाही, लाटेची कला कुठेच नोंदवलेली नसते.

फोकसचं मात्र बरोबर आहे आणि ते खरोखर सुंदर आहे. लाट एका प्रतलावर पूर्ण माहीत असेल तर ती पुढेमागे गणितानं चालवता येते. एकाच फ्रेममधून पाण्याच्या थेंबातले वेगवेगळ्या खोलीवरचे प्लवक एकेक करून स्पष्ट करता येतात, समुद्रात सोडायचे होलोग्राफिक कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. पण एका थरावर फोकस केलं तरी बाकीच्या थरांचा अंधुक प्रकाश तिथेच पसरलेला राहतो, तो जात नाही. कण विरळ असले तर चालून जातं. दाट ऊतीत सगळा गोंधळ. म्हणजे फोकस हलवता येणं वेगळं आणि थर कापून बाजूला काढता येणं वेगळं.

जुनाभिंग

धागा छान पण एका ठिकाणी अडवतो. तुम्ही खोलीचा दोष होलोग्रामवर टाकताय असं वाचणाऱ्याला वाटेल, दोष होलोग्रामचा नाही, खिडकी लहान असण्याचा आहे. आम्ही फिल्मच्या काचा धुतलेल्या लोकांना हे लगेच जाणवतं. १० सेंटिमीटरची काच वस्तूपासून २० सेंटिमीटरवर ठेवा, डोकं इकडेतिकडे हलवून वस्तूच्या मागे डोकावता येतं, खरोखरचा पॅरॅलॅक्स. त्या काचेचा एनए ०.२४ च्या घरात, खोलीतलं रिझोल्यूशन तुमच्याच सूत्रानं १० मायक्रोमीटरच्या आसपास. आता तिथे ७ मिलिमीटरचा सेन्सर ठेवा, एनए ०.०१८, खोलीतलं रिझोल्यूशन २ मिलिमीटर. तीच होलोग्राफी, खिडकी फक्त चिमुकली.

आणि खिडकी लहान का, तर पिक्सेल. फिल्म मिलिमीटरला काही हजार रेषा टिपते, ३.४५ मायक्रोमीटरचा पिक्सेल जास्तीत जास्त १४५. लाल लेझरला याचा अर्थ दोन बीममधला कोन सव्वापाच अंशांच्या पुढे नेता येत नाही, नेला की पट्ट्या पिक्सेलपेक्षा बारीक होतात आणि सगळं खोटं दिसायला लागतं.

थोडा इतिहास लिहितो, तो याच मुद्द्याला धरून आहे. १९४७ च्या ईस्टरला डेनिस गाबोर यांना हे सुचलं ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारण्यासाठी, लेख १९४८ चा, आणि लेझर तर आला १९६० मध्ये. त्यांच्याकडे पाऱ्याचा दिवा, कोहेरन्स लांबी (दोन वाटांत जेवढा फरक असला तरी पट्ट्या पडतात ती) जेमतेम ०.१ मिलिमीटर, म्हणून दोन्ही लाटा एकाच रेषेत ठेवाव्या लागल्या. त्यामुळे खऱ्या प्रतिमेवर तिची जुळी प्रतिमा (त्याच वस्तूची फोकसबाहेरची दुसरी प्रतिमा) कायम चढलेली. लोकांनी जवळजवळ नाद सोडला होता. मग मिशिगनला लीथ आणि उपात्निएक्स यांनी १९६२ ला रेफरन्स बीम तिरका आणला, ही कल्पना त्यांना रडारच्या कामातून मिळाली होती, आणि १९६४ पर्यंत लेझरनं घन वस्तूंचे होलोग्राम झाले. त्याच काळात सोव्हिएत युनियनमध्ये डेनिस्युक यांनी साध्या पांढऱ्या प्रकाशात दिसणारा होलोग्राम केला. गाबोर यांना नोबेल मिळालं १९७१ ला. तिरका बीम नसता तर ताई तुमचे ते तीन ठिपके वेगळे झालेच नसते.

तरंगिणी

जुनाभिंग काका, दुरुस्ती शंभर टक्के मान्य. ‘एक होलोग्राम’ असं लिहिण्याऐवजी ‘अरुंद कोनाचा एक होलोग्राम’ असं लिहायला हवं होतं. फक्त एवढं जोडते की मोठ्या काचेतसुद्धा अपारदर्शक वस्तूचा पृष्ठभागच दिसतो, पेशीच्या पोटातला अपवर्तनांक थराथरानं पाहिजे तर एका दिशेचा उजेड पुरत नाही.

तुमच्या इतिहासात डिजिटल बाजू जोडते. १९६७ ला गुडमन आणि लॉरेन्स यांनी व्हिडिकॉन ट्यूबवर (जुन्या टीव्ही कॅमेऱ्याची नळी) होलोग्राम घेऊन तो पीडीपी-६ कॉम्प्युटरवर उलगडला, २५६ बाय २५६ बिंदू, वेळ लागला ५ मिनिटं. तेही कूली आणि ट्यूकी यांचा एफएफटी (फूरियर ट्रान्सफॉर्म झटपट करायची पद्धत) १९६५ ला आला होता म्हणून. मग १९९४ ला श्नार्स आणि युप्टनर यांनी सीसीडीवर (डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर) थेट होलोग्राम घेतला, फिल्म पूर्ण बाद. १९९७ ला यामागुची आणि झांग यांचं फेज-शिफ्टिंग (रेफरन्सची फेज थोडी थोडी सरकवून अनेक फ्रेम घेणं), आणि १९९९ ला लोझानच्या गटानं, क्यूश, मार्के आणि देपूरसिंज, फेज थेट मोजमाप म्हणून दिली. मी ज्या खुर्चीवर बसते ती या लोकांनी तयार केलेली आहे असं मला खरंच वाटतं.

अक्षर_कोड

मी ऑप्टिक्सचा नाही, कोड लिहितो. एका मित्राच्या होलोग्रामवर फ्रेनेलवाली एका एफएफटीची पद्धत (होलोग्रामवरून ठरावीक अंतरावरची लाट काढणारी) चालवली, चित्र येतं पण अंतर बदललं की चित्राचा आकारच बदलतो, २०० मिमीला एवढं, २५० ला तेवढं, त्यामुळे फोकस शोधायला थर एकमेकांवर ठेवून बघताच येत नाहीत. बग आहे का माझा?

तरंगिणी

बग नाही, पद्धतच तशी आहे. त्या पद्धतीत बाहेर येणाऱ्या पिक्सेलचा आकार म्हणजे तरंगलांबी गुणिले अंतर भागिले सेन्सरची रुंदी. २०४८ पिक्सेल, ३.४५ मायक्रोमीटरचे, २०० मिमी अंतर, लाल लेझर घेतला तर येतात १७.९ मायक्रोमीटर, २५० मिमीला २२.४. अँग्युलर स्पेक्ट्रम (लाट वेगवेगळ्या दिशांच्या सपाट लाटांत फोडून पुढे नेणारी पद्धत) वापर, दोन एफएफटी लागतात पण पिक्सेल जेवढा होता तेवढाच राहतो. अंतर जास्त असेल तर मात्र कडेचा प्रकाश फिरून दुसऱ्या बाजूनं आत येतो, म्हणून आधी चारी बाजूंनी शून्यांची भर घाल, आणि मायक्रोस्कोपसारख्या थोड्या अंतराला ही पद्धत निर्धास्त वापर. आणि फोकस शोधताना नुसती प्रखरता बघू नकोस, पारदर्शक पेशीला फोकसवर कॉन्ट्रास्ट सगळ्यात कमी असतो, नवीन माणूस तिथे हमखास उलटा जातो.

अक्षर_कोड

उलटाच गेलो होतो! जास्तीत जास्त कॉन्ट्रास्ट शोधत बसलेलो. धन्यवाद.

पहिलंसत्र

ताई मी प्रोजेक्टसाठी ऑफ-अ‍ॅक्सिस (तिरक्या रेफरन्सचा) सेटअप लावलाय, माख-झेंडर (दोन बीम वेगळ्या वाटांनी नेऊन परत जोडणारी रचना), पण फ्रिंजेस पोहतात. म्हणजे सकाळी शांत असतात आणि दुपारी बघता बघता सरकायला लागतात, मी काहीच हलवत नाही. टेबल चांगलं आहे. आणि पायरीची उंची काढली तर मध्येच एकदम ३१६ नॅनोमीटरची उडी येते, नमुन्यात तशी उडी नाहीये. दोन महिने झाले, गाइड म्हणतात अलाइनमेंट परत कर, मी रोज परत करतोय.

तरंगिणी

थांब, अलाइनमेंटला हात लावू नकोस. हे दुखणं मी भोगलंय म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे रोज दुपारनंतर पेशींची ‘जाडी’ वाढायची. मी त्यावर अख्खं एक प्रकरण लिहायला घेतलं होतं, पेशी दिवसभरात फुगतात म्हणून, आकडे छान, आलेख गुळगुळीत. मग एका दिवशी नमुना काढून रिकामी स्लाइड ठेवली तर तीही फुगली. एसीचा झोत रेफरन्सच्या वाटेवर येत होता. हिशेब कर, हवेचा अपवर्तनांक एका अंशाला साधारण दहा लाखात एकानं बदलतो, वाट अर्धा मीटर, म्हणजे अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे एका अंशानं जवळजवळ पाऊण तरंग सरकला, आणि आपण मोजतोय तरंगाचा शंभरावा भाग! ते प्रकरण मी फाडून टाकलं, फार रडले होते.

तर दोन्ही बीमना खोक्यानं झाकून टाक, पुठ्ठ्याचं चालतं. दोन्ही वाटा शक्य तेवढ्या आखूड ठेव आणि जवळजवळ समान. एक्स्पोजर लहान ठेव. आणि दर थोड्या वेळानं नमुन्याशिवाय एक रिकामा होलोग्राम घे आणि त्याची फेज वजा कर, लेन्सची वक्रता, धूळ, तिरकेपणा सगळं एका फटक्यात जातं. नमुन्याच्या शेजारी थोडी मोकळी जागा फ्रेममध्ये असू दे, तिथली फेज शून्य धरता येते.

३१६ ची उडी नमुन्यात नाहीच. फेज घड्याळासारखी फिरते, पूर्ण चक्र झालं की परत शून्य. परावर्तनात प्रकाश जातो आणि येतो म्हणून अर्ध्या तरंगलांबीला चक्र पुरं होतं, ६३३ चे अर्धे ३१६. सलग उताराला अनरॅपिंगचा अल्गोरिदम हे सांधून देतो, पण खरी पायरी अर्ध्या तरंगापेक्षा मोठी असेल तर एका रंगातून उत्तर मिळणारच नाही, कुठलाही अल्गोरिदम आणलास तरी. तिथे दुसरा लेझर लागतो. ६३२.८ आणि ५३२ या दोघांचा गुणाकार भागिले फरक केलास की ३.३४ मायक्रोमीटरची कृत्रिम तरंगलांबी मिळते, मग १.६७ मायक्रोमीटरपर्यंत चक्र पुरं होत नाही. गोंगाटही त्याच प्रमाणात फुगतो हे लक्षात ठेव, त्यामुळे त्यातून फक्त ‘कितवं चक्र’ ते ठरवायचं आणि बारीक आकडा एका रंगाचाच घ्यायचा.

पेशीवाचक

मी जीवशास्त्राकडून. आमचं सगळं फ्लुरोसन्सवर (उजेड पडला की स्वतः चमकणाऱ्या रेणूंवर) चालतं आणि फ्लुरोसन्सचा प्रकाश तर एकमेकांशी जुळत नाही, मग आम्हाला होलोग्राफी बंदच का? आणि फेजचा नकाशा जाडी आणि अपवर्तनांक मिसळून देतो म्हणालात, मग त्याचा आम्हाला उपयोग काय?

तरंगिणी

बंद नाही. २००७ ला रोझेन आणि ब्रूकर यांनी फिंच नावाची पद्धत दिली. दोन वेगळे रेणू एकमेकांशी जुळत नाहीत हे खरं, पण एका रेणूचा प्रकाश स्वतःशी जुळतोच. त्याच प्रकाशाचे दोन भाग करून दोघांना वेगवेगळी वक्रता द्यायची, प्रत्येक बिंदूची स्वतःची वर्तुळाकार पट्टी तयार होते आणि तिच्या वक्रतेत त्या बिंदूची खोली लिहिलेली असते. किंमत ही की लाखो बिंदूंच्या पट्ट्या एकमेकांवर पडून कॉन्ट्रास्ट उतरतो.

मिसळलेल्या नकाशाचं म्हणाल तर तुमच्या कामाला ते मिसळणंच उपयोगी पडतं. पेशीतल्या सुक्या द्रव्याचं प्रमाण वाढलं की अपवर्तनांक जवळपास सरळ रेषेत वाढतो, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. त्यामुळे फेजची पेशीभर बेरीज केली की पेशीचं सुकं वस्तुमान मिळतं, जाडी वेगळी काढायची गरजच नाही. रंग नाही, खूण नाही, पेशी जिवंत, तासन्‌तास बघत बसा. एक पेशी दोन होताना तिचं वजन वाढताना बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग आहे.

आणि खरोखर थर पाहिजेत तर टोमोग्राफी. एमिल वुल्फ यांनी १९६९ ला गणित मांडलं, वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकून अनेक होलोग्राम घ्यायचे आणि फूरियरच्या अवकाशात प्रत्येकाचा तुकडा आपल्या जागी बसवायचा. पण एकाच लेन्समधून टाकलेले कोन सगळ्या बाजू व्यापत नाहीत, मधे एक शंकूच्या आकाराचा भाग रिकामा राहतो आणि पेशी खोलीच्या दिशेनं ताणलेली दिसते. गोल मणी ठेवून बघा, लिंबासारखा दिसतो. म्हणून कुठलाही टोमोग्राम दाखवणाऱ्याला मी आधी विचारते, मण्याचा काढलाय का?

अक्षर_कोड

तो रिकामा शंकू न्यूरल नेटवर्कनं भरता येईल ना? जुळी प्रतिमा काढायला तर २०१८ पासून वापरतायत लोक.

तरंगिणी

वापरतात, आणि एका रेषेतल्या, लेन्स नसलेल्या सेटअपला त्याचा खूप फायदा झालाय, आधी वेगवेगळ्या उंचीवर अनेक फ्रेम घ्याव्या लागायच्या तिथे एका फ्रेमवर भागतं. पण जुळी प्रतिमा काढणं आणि शंकू भरणं यात मला मोठा फरक वाटतो. एका रेषेतल्या होलोग्राममध्ये लाटेची माहिती पडलेली असते, गुंतलेली असते, सोडवायची असते. शंकूत माहिती पोचलेलीच नसते, नेटवर्क तिथे आधी पाहिलेल्या पेशींसारखं काहीतरी भरणार. निरोगी पेशींवर शिकवलेलं नेटवर्क आजारी पेशीला निरोगी करून दाखवेल आणि चित्र इतकं स्वच्छ असेल की शंका येणार नाही. मी वापरते ते फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून, त्यातून परत होलोग्राम काढून बघते की मोजलेल्याशी जुळतो का. जुळला नाही तर तो टाकून द्यायचा.

जुनाभिंग

हे शेवटचं ज्यानं त्यानं आपल्या वहीत लिहून ठेवावं. आमच्या काळी फिल्म धुवून वाळेपर्यंत कळायचं नाही काय आलंय, त्यामुळे आधी दहा वेळा विचार व्हायचा. आता चित्र लगेच दिसतं आणि सुंदर दिसलं की विश्वास बसतो.

पहिलंसत्र, तुझं काय झालं?

पहिलंसत्र

काका, ताई, आत्ताच लॅबमधून लिहितोय. पुठ्ठ्याचं खोकं घातलं, एसीचं तोंड फिरवलं. रिकामे होलोग्राम दर दहा मिनिटांनी घेतले, सकाळपासून दुपारी चारपर्यंत सरकणं आधीच्या मानानं काहीच नाही. दुसरा लेझर मिळत नाहीये, पण पायरी १०० नॅनोमीटरची आहे असं नमुन्याच्या कागदावर आहे, म्हणजे एका रंगात बसायला हवी ना? मला आज ९७ ते १०४ मिळतायत.

तरंगिणी

बसते, १०० म्हणजे चक्राच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत आहे. तुझी ती मधली उडी तिरकेपणामुळे येत होती, रिकामा होलोग्राम वजा झाल्यावर गेली असणार. आता तोच नमुना नव्वद अंशांत फिरवून परत मोज, आकडा तोच आला पाहिजे. आणि कच्चे होलोग्राम एकही पुसू नकोस, नकाशे परत काढता येतात.

पहिलंसत्र

फिरवून ठेवलाय, खोक्यातली हवा शांत व्हायला अर्धा तास थांबतोय. आकडा आला की इथेच टाकतो.